बाबांची काळी-पिवळी १:३६ मध्ये करतोय, आतलं काम कसं करू?

मीटर_डाऊन

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

विषय असा की बाबांच्या टॅक्सीचं छोटं मॉडेल करतोय. प्रीमियर पद्मिनी. बाबांनी बावीस वर्षं चालवली, स्टँड परळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, २००३ साली ताडदेव आरटीओला रजिस्टर झालेली ती, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून, ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बाबा जेवत होते. घास हातात तसाच. बातमी संपल्यावर एवढंच म्हणाले की सीट तरी नीट ठेवायला हवी होती त्या गाडीची. दुसऱ्या कुणाचं लक्ष बाहेरच्या रंगावर गेलं असेल, यांचं सीटवर. तेव्हापासून डोक्यात आहे.

तर खेळण्यांच्या दुकानातून एक मागे ओढून सोडायची टॅक्सी आणली. खाली तीन स्क्रू होते, उघडायला त्रास नाही झाला. स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितवा भाग आहे ते, कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजलं, ६५ मिमी आलं. खऱ्या पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी, भागाकार केला की बरोबर ३६. म्हणजे १:३६, खरी गाडी याच्या छत्तीस पट. हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतोय, खोक्यावर काहीही छापलेलं असो, आधी व्हीलबेस मोजा, कारण एकदा हा आकडा मिळाला की आतली प्रत्येक वस्तू किती मोठी करायची हे घरबसल्या काढता येतं. साधारण चाळीस सेंटीमीटरचं स्टिअरिंग असेल तर ते ११ मिमी होणार. पाच सेंटीमीटरचं झेंडूचं फूल दीड मिमीपेक्षाही लहान.

बाहेरचं काम बऱ्यापैकी झालंय, काळा-पिवळा नव्याने मारला, कॅरिअर तांब्याच्या तारेचं केलं. अडलंय ते आत. खेळण्यात आत एकच काळा प्लास्टिकचा साचा आहे आणि त्यात पुढे दोन वेगळ्या बकेट सीट आणि मध्ये खाली गिअरचा दांडा! बाबांच्या गाडीत पुढे सलग बाकडं होतं आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. फ्लोअर गिअर आणि बकेट सीटवाली एस-वन पद्मिनी शेवटी शेवटी आली खरी पण ती आमची नव्हे. म्हणजे साचा कापूनच काढावा लागणार.

प्रश्न असे की बाकडं कशाचं बनवू, रेक्झिन कसं दाखवू, आणि काच लावल्यावर आतलं दिसतं तरी किती? एवढी मेहनत करून वाया तर नाही ना जाणार?


चिमटा४३

स्वागत आहे आणि धागा लै भारी. वाया अजिबात जात नाही. उलट मी तर म्हणेन बाहेरचा रंग सगळेच बरा मारतात, मॉडेल आणि खेळणं यातला फरक खिडकीतून आत डोकावल्यावर कळतो. पद्मिनीच्या खिडक्या उंच आहेत, काच सपाट आहे, पुढे त्या दोन त्रिकोणी काचा, आतलं चांगलं दिसतं. आजकालच्या गाड्यांच्या चिंचोळ्या खिडक्या आणि काळ्या काचा असत्या तर मीच म्हटलं असतं सोडून द्या.

बाकड्यासाठी एक मिमीची प्लास्टिक शीट घ्या, दोन-तीन थर चिकटवून ठोकळा करा, मग पॉलिश पेपरने कडा गोल करा. कडा गोल करण्यात कंजूषी करू नका, सीट वापरून बसलेली असते, तिला धारदार कोपरा कुठेच नसतो. बसायच्या जागेला मधोमध किंचित खोलगट घासा, पाव मिमी पुरे. १:३६ मध्ये पाव मिमी म्हणजे खऱ्यात नऊ मिमी, तेवढी तर कुशन बसतेच.

आणि काही चिकटवायच्या किंवा रंगवायच्या आधी ते प्लास्टिक कुठलं आहे ते बघा. स्वस्त खेळण्यात आतला साचा कधीकधी त्या मऊ, मेणचट लागणाऱ्या प्लास्टिकचा असतो, त्यावर रंग बसत नाही, नखाने सोलून निघतो, प्रायमर मारला तरी. नख रुतत असेल तर तो साचा फेका आणि सगळं शीटमधूनच करा.


ठाणे_पश्चिम

चिमटाभाऊंशी सहमत, फक्त काचेबद्दल एक सांगतो जे मी स्वतः भोगलंय. ॲम्बेसेडर केली होती १:२४, चार महिन्यांचं काम, आत सगळं झालं, शेवटी आरसा निसटला म्हणून इन्स्टंट ग्लूचा एक थेंब लावला आणि बॉडी बंद करून झोपलो. सकाळी बघतो तर पुढच्या काचेवर आतून पांढरं धुकं. त्या ग्लूची वाफ होते आणि ती काचेवर जाऊन बसते, बंद जागेत तर जास्तच. आतून पुसायला हात जाईना, परत सगळं उघडावं लागलं, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आणि वर टूथपेस्ट घासून काच कशीबशी वाचवली, पण एका कोपऱ्यात अजून धूसर दिसते.

तेव्हापासून नियम केलाय, काचेच्या आसपास फक्त पांढरा फेव्हिकॉल. सुकायला वेळ लागतो, लागू दे. आणि ज्या दिवशी इन्स्टंट ग्लू वापरला त्या दिवशी गाडी बंद करायची नाही, एक रात्र पंख्याखाली उघडी ठेवायची.


मंजिरी_इवलंसं

मी गाड्यांमधली नाही, बाहुलीघरं करते, पण छोट्या वस्तूंचं दुःख सारखंच म्हणून लिहितेय.

रेक्झिनसाठी औषधाच्या दुकानात मिळते ती कागदी पट्टी घ्या, मायक्रोपोर. तिला बारीक पोत असतो. सीटवर ताणून चिकटवायची, कडेला आत दुमडायची आणि वर ॲक्रिलिक रंग. रंग पातळ करून दोन हात द्या, एकदम जाड दिलात तर पोत बुजून जातो. बाबांच्या सीटचा रंग कुठला होता? पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, होती का कडेला? असेल तर शिवणाचा दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून बोटांनी सुतून घ्यायचा म्हणजे त्याचे तंतू बसतात, मग तो कडेने चिकटवायचा.

आणि हार करणार असाल तर रवा वापरू नका!! मी वापरला होता, केशरी रंगवून, दिसला सुंदर, पावसाळ्यात त्याला बुरशी आली आणि पुढे बारीक किडे. रांगोळी वापरा. पिवळी आणि केशरी रांगोळी बाजारात तयार मिळते, चाळून घेतली की दाणा एकसारखा येतो, दोऱ्याला फेव्हिकॉल लावून त्यात लोळवायचा. तीस सेकंदात झेंडूचा हार, आणि दगडाची पूड असल्यामुळे वर्षानुवर्षं तस्साच राहतो.


मीटर_डाऊन

मंजिरीताई रांगोळीची आयडिया म्हणजे कमाल आहे, हे कुठल्याच व्हिडिओत नाही सापडलं. सीट मरून होती, पायपिंग पांढरी, म्हणजे पांढरी असायची सुरुवातीला. चिमटाभाऊ, नख रुतलं, साचा फेकला. ठाणेकर, तुमचं वाचून घरातला इन्स्टंट ग्लू कपाटात वरच्या खणात ठेवून दिलाय.

बाकडं केलं. आता रंग मारला मरून, छान ताजा मरून, आणि बघतोय तर खेळण्यासारखं दिसतंय. खेळण्यापेक्षाही जास्त. काय चुकतंय?


चिमटा४३

चकाकी चुकतेय. रंग बरोबर असेल तुमचा, पण चकाकीचं माप चुकलंय.

हे जरा विस्ताराने लिहितो कारण माझ्या मते आतल्या कामात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि लोक वस्तू वाढवत बसतात. खऱ्या गाडीत बसून बघा, काळं म्हणून जे जे आहे ते सगळं वेगवेगळं काळं असतं. रबरी मॅट एकदम मेलेली, प्रकाश खाणारी. डॅशबोर्डचं प्लास्टिक थोडं सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचं. स्टिअरिंग जिथे हात लागतात तिथे तुळतुळीत, बाकी ठिकाणी मंद. आपण एका डबीतून सगळं काळं रंगवलं की डोळ्याला ते एकाच वस्तूचं बनलेलं वाटतं, म्हणजे प्लास्टिकचं खेळणं. म्हणून मी आधी अख्खं आत मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, करून टाकतो आणि मग जिथे हवी तिथेच चकाकी परत आणतो, ब्रशने, थेंबाथेंबाने.

दुसरं म्हणजे शुद्ध काळा वापरायचाच नाही. लांबून बघितलेली काळी वस्तू कधी ठार काळी दिसत नाही, मध्ये हवा असते, आणि स्केल मॉडेल म्हणजे लांबून बघितलेलीच गाडी. टॅमिया कंपनीचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक रंग मिळाला तर रबरी मॅटसाठी तो, नाहीतर काळ्यात थोडा राखाडी आणि चिमूटभर तपकिरी टाका. मरूनचंही तेच, त्यात जरासा राखाडी घाला, ताजेपणा जाईल.

मग सीटच्या शिवणीत वॉश. तपकिरी-काळा ऑइल पेंट, भरपूर थिनर घालून चहाच्या पाण्याइतका पातळ, शिवणीला ब्रश टेकवायचा आणि सोडायचा, तो आपला आपण धावतो. जास्त झालेला कानकाडीने टिपून घ्यायचा. फक्त खालचा रंग ॲक्रिलिक असेल आणि पूर्ण वाळलेला असेल याची खात्री करा.


कुशनवाल्याची_लेक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. माझ्या वडिलांचं कुशनचं दुकान होतं कुर्ल्याला, टॅक्सीच्या सीटच जास्त यायच्या. प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातच, त्यामुळे लहानपणापासून पद्मिनी आतूनच बघितलीय, म्हणजे सीट काढलेली, नुसती स्प्रिंगा आणि काथ्या.

दोन गोष्टी सांगते. सीट सगळीकडे सारखी खराब होत नाही. मागच्या सीटला दरवाजाकडची कड आधी फाटते, कारण माणूस आत शिरताना त्या कडेवरून घसरत आत जातो. त्यातही फूटपाथच्या बाजूची, म्हणजे डावी, जास्त. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला पाठ जिथे टेकते तिथे घामाने रेक्झिनचा रंग बदलतो, काळपट नव्हे, उलट फिका आणि कडक होतो, मग आडव्या भेगा पडतात. वडील तिथे आतून कापडाची पट्टी लावून वरून त्याच रंगाचा तुकडा शिवायचे. तो तुकडा कधीच तंतोतंत त्याच रंगाचा नसायचा, नवा म्हणून एक छटा गडद. तुम्ही असा एक तुकडा दाखवलात तर ज्याला माहीत आहे तो बघून हसेल, म्हणजे आनंदाने.

दुसरं, सगळेजण टॅक्सी म्हटली की गंज, घाण, फाटकं असं करतात. कृपा करून तसं करू नका. मालक-चालक असलेली टॅक्सी आतून स्वच्छ असायची. सकाळी पहिल्यांदा फडका, मग अगरबत्ती, मग मीटर. जुनं आणि घाण यात फरक आहे.


चिमटा४३

ताई हे शेवटचं वाक्य मी वर्कबेंचसमोर लिहून लावतोय. +१००.


नवखा_६४

मस्त चाललाय धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे फक्त १:६४ च्या छोट्या गाड्या आहेत, मेटलच्या. त्यात काही करता येतं का? खाली रिव्हेट आहेत, स्क्रू नाहीत.


ठाणे_पश्चिम

येतं की. रिव्हेटच्या मधोमध आधी छोटा खड्डा पाडा म्हणजे ड्रिल घसरणार नाही, मग तीन-चार मिमीच्या बिटाने हळूहळू फक्त रिव्हेटची टोपी उडेपर्यंत. खोल नेऊ नका, बॉडीचा खांब राहिला पाहिजे, परत बसवताना त्यातच छोटा स्क्रू जातो. डोळ्यांना चष्मा लावून करा, मेटलचा कीस उडतो.

१:६४ ला माझं म्हणणं एवढंच की तीनच कामं करा. सीट एका रंगात, बाकी आतलं दुसऱ्या रंगात, आणि एक फिकी गोष्ट जी काचेतून लगेच दिसेल. मागच्या काचेजवळ ठेवलेला पांढरा टॉवेल, नाहीतर डॅशबोर्डवर पेपर. काळोख्या आतल्या भागात एक फिका ठिपका असला की डोळा आत शिरतो. त्या आकारात मीटरचे काटे वगैरे करायला जाऊ नका, वेळ जातो आणि दिसत काही नाही.


श्टुटगार्टकर

मी इथे जर्मनीत क्लबमध्ये जातो, इथली मंडळी १:२४ बीटल वगैरे करतात, सीटबेल्टला फोटो-एच्ड, म्हणजे पातळ पत्र्यावर ॲसिडने कोरलेली बकलं, खाली फ्लॉकिंग पावडरचा, म्हणजे बारीक तंतूंच्या भुकटीचा गालिचा. त्यातलं एक तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं. फ्लॉकिंग पावडर तिकडे नसेल मिळत तर लोकर कात्रीने शक्य तितकी बारीक कातरा, अक्षरशः धूळ होईपर्यंत, फेव्हिकॉल पसरा, चहाच्या गाळणीतून वरून टाका, बोटाने दाबू नका, उलटं करून झटका. उभे तंतू राहतात आणि खरा गालिचा वाटतो. पण तुमच्या टॅक्सीत गालिचा नसेल ना, रबरी मॅट असेल?

डॅशबोर्डच्या मीटरसाठी इथे सगळे छापील डिकल, म्हणजे अगदी पातळ स्टिकर, लावतात आणि वर एक थेंब पारदर्शक. तो थेंब महत्त्वाचा, त्यामुळे आत काच आहे असं वाटतं. आता नखांना लावायचं यूव्ही रेझिन भारतातही सगळीकडे मिळतं, टूथपिकच्या टोकाने एक थेंब, दिव्याखाली मिनिटभर. पातळ थर द्या, फुगीर झाला तर भिंग होतं आणि आतले आकडे वाकडे दिसतात.


मीटर_डाऊन

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण बसलोच होतो कामाला.

कुशनवाल्याची लेक, ताई तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. एरवी मी काय करतोय हे बघतात आणि पुढे जातात, त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. म्हणाले तुकडा होता, पण पाठीला नाही, बसायच्या जागेला, आणि पुढे डाव्या बाजूला. मी म्हटलं डाव्या बाजूला का, तुम्ही तर उजवीकडे बसणार. तर म्हणाले मीटर.

मला लगेच कळलंच नाही. मग त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळच्या लाकडी बाकावर बसून करून दाखवलं. जुना मेकॅनिकल मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला, बोनेटच्या कडेला. गिऱ्हाईक बसलं की फ्लॅग, म्हणजे मीटर चालू करायची दांडी, खाली करायची. उतरून पलीकडे जायला वेळ कुणाला, मग उजवा हात स्टिअरिंगवर तसाच ठेवून ते बाकड्यावरून डावीकडे सरकायचे, अंग लांबवायचे आणि डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून मीटर डाऊन. दिवसात वीस-पंचवीस वेळा तरी, वर्षानुवर्षं. त्यामुळे ड्रायव्हरच्या जागेपासून मधोमधपर्यंत रेक्झिन घासून गुळगुळीत झालेलं आणि जिथे शिवण होती तिथेच फाटलं. तिथे तुकडा. आणि डाव्या दरवाजाच्या खिडकीची खालची कड, पुढच्या कोपऱ्यात, जिथे दंड घासायचा, तिथला रंग उडून पत्रा चमकायचा.

हे सगळं त्यांनी डोळे मिटून केलं. हात बरोबर तिथे जाऊन थांबत होता. मी पट्टी घेऊन बाकापासून हातापर्यंतचं अंतर मोजत होतो आणि ३६ ने भागत होतो. मग एकेक विचारत गेलो, गणपती कुठे, हात पुढे मधोमध. काडेपेटी कुठे, हात खाली डाव्या गुडघ्याजवळ. सुटे पैसे कुठे, तर सनवायझरला लावलेल्या रबरबँडमध्ये नोटा आणि नाणी डॅशबोर्डखाली एका पानपरागच्या डब्यात. चार वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

सध्या सीट वॉश करून सुकतेय.


कुशनवाल्याची_लेक

वाचून अंगावर काटा आला. तो डावीकडचा तुकडा! वडील म्हणायचे बघा पुढच्या सीट मधूनच का फाटतात कळत नाही, बसतात तर कडेला. दुकानात किती वेळा ऐकलंय हे. आज उत्तर मिळालं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

तुकडा करताना शिलाई हाताची दाखवा, मशीनची नाही. सीट गाडीत ठेवूनच दाभणाने शिवायचे घाईत असले की, टाके लांब आणि तिरके.


मंजिरी_इवलंसं

टाके दाखवायला शिवू नका हो त्या आकारात. अगदी टोकदार पेन्सिलीने तिरक्या रेघा. पेन्सिलीचं शिसं रेक्झिनवर किंचित चमकतं, दोऱ्यासारखं.


चिमटा४३

आणि उडालेल्या रंगाचा पत्रा पण पेन्सिलीनेच. ६बी घ्या, खिडकीच्या कडेवर आधी मॅट गडद राखाडी एक हात, त्यावर शिसं घासा, बोटाने चोळा. चंदेरी रंगाने जे दिसतं ते रंगवल्यासारखं दिसतं, शिशाने केलेलं मात्र घासलेल्या लोखंडासारखं दिसतं. मधोमध जास्त, कडांना विरत नेलेलं. सरकायच्या वाटेवर सीटला सॅटिन वार्निश अगदी पातळ, फक्त त्या पट्ट्यात. मॅट मरूनमध्ये तो एक गुळगुळीत पट्टा काचेतून प्रकाश पडला की बरोबर दिसेल. वस्तू दहा कमी करा पण हा पट्टा सोडू नका.


नवखा_६४

लाकडी मण्यांचं सीट कव्हर असायचं ना टॅक्सीत? ते करता येईल का?


ठाणे_पश्चिम

एम-सील पातळ लाटा, किंचित घट्ट होऊ द्या, मग त्यावर चहाच्या बारीक गाळणीची जाळी दाबा आणि उचला. चौकोनी बारीक उठाव येतात, मण्यांसारखे. तपकिरी रंग, गडद वॉश, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरच्या टोकांवर फिका तपकिरी फिरवायचा. जाळीला आधी थोडं पाणी लावा नाहीतर चिकटून येते. पण त्यांच्या बाबांच्या गाडीत होतं का ते विचारा आधी.


मीटर_डाऊन

विचारलं. नव्हतं. म्हणाले मण्यांवर सरकता येत नाही.

उलट ड्रायव्हरच्या जागेला एक घडी घातलेली जुनी साडी असायची आईची, हिरवी, उन्हाळ्यात घाम टिपायला, ती आईने सांगितली, बाबा विसरले होते. ती टिश्यू पेपरचा एक पदर सोलून केली, पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून सीटवर टाकली आणि ओली असतानाच सुईने सुरकुत्या पाडल्या. उजव्या अर्ध्यातच, म्हणजे सरकायची वाट मोकळी राहिली.


श्टुटगार्टकर

साडी १:३६ मध्ये. वा! काठ करणार का?


मीटर_डाऊन

काठ केलाय, पिवळी एक रेघ, ००० नंबरच्या ब्रशने, श्वास रोखून. तिसऱ्या प्रयत्नात जमली, आधीच्या दोन ओल्या असतानाच पाण्याच्या ब्रशने पुसल्या.

आतापर्यंत झालेलं सांगतो. बाकडं, तुकडा, पेन्सिलीचे टाके सहा. सरकायचा पट्टा. डाव्या खिडकीच्या कडेला शिसं. स्टिअरिंग तांब्याच्या तारेची कडी जाड पेनावर गुंडाळून केली, गिअरचा दांडा जुन्या प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढून, ती केसाइतकी बारीक होते, टोकाला फेव्हिकॉलचा थेंब म्हणजे मूठ. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या आडव्या चौकोनावर यूव्ही रेझिन. गणपती म्हणजे एम-सीलचा तांदळापेक्षा लहान गोळा, त्याला सोंड बिंड काही नाही, शेंदरी रंग आणि पुढे रांगोळीचा हार, पण लांबून गणपतीच दिसतो. सनवायझरला नोटा. पानपरागचा डबा केला होता, तो डॅशबोर्डखाली कुणाला दिसणार नाही, तरी लावलाय.

बाहेर भाड्याचा मीटर लावला. फ्लॅग फिरती ठेवलीय, टाचणीवर.


चिमटा४३

काच?


मीटर_डाऊन

आज लावणार होतो. बाबांना म्हटलं काच लावायच्या आधी एकदा आत बघून घ्या, नंतर उघडायचं नाही. भिंग दिलं हातात. बराच वेळ बघितलं, मग म्हणाले डाव्या दरवाजाचं काच वर-खाली करायचं हँडल उभं हवं, तू आडवं लावलंयस, पूर्ण काच खाली असली की आमचं उभं राहायचं आणि ती काच कधी वर नसायचीच, पावसातसुद्धा नाही, हात कसा बाहेर काढणार.

म्हणजे आता हँडल फिरवायचंय, आणि डाव्या पुढच्या खिडकीला काच लावायचीच नाहीये, फक्त त्रिकोणी तेवढी. सीटच्या त्या टोकाला पावसाच्या पाण्याचा डागही लागेल मग, फिकट, कडेला तपकिरी रेघ असलेला. उद्या करतो. बाकीच्या काचा फेव्हिकॉलने लावून ठेवल्यात, इथे दोन दिवस पाऊस धरून आहे, सुकायला वेळ घेतायत.


कुशनवाल्याची_लेक

डागाची कड आतल्या बाजूला गोलसर ठेवा, आणि शिवणीपाशी थांबवा. पाणी शिवणीतून खाली काथ्यात उतरायचं, पुढे जायचं नाही.